मिरजेची जवारी आणि तोतया सूर

मिरजेत तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा झणकार खुलवणारी घडण, लावताना कारागीर घोडीचा (तारा टेकतात त्या पट्टीचा) माथा इतका हलका घासतो, की फरक डोळ्याला दिसत नाही, कानालाच कळतो. त्या उतारावर तार निसटती टेकते आणि षड्जाबरोबर त्याचे वरचे कितीतरी स्वरांश, म्हणजे त्याच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींतले सूर, झणझणू लागतात. हाच झणकार अपुऱ्या सॅम्पलिंग रेटने, म्हणजे सेकंदाला आवाजाची फार थोडी मापं (नमुने) घेऊन टिपला, तर तंबोऱ्यात नसलेले सूर ऐकू येतात.

समजा, हार्मोनियमच्या पांढरी एक या पट्टीचा षड्ज 130 हर्ट्झचा धरला. त्याचा 39वा स्वरांश 5070 हर्ट्झचा. सेकंदाला 8000 नमुने घेतले, तर निम्म्याच्या, म्हणजे 4000 हर्ट्झच्या आतले सूरच खरे उतरतात. 5070चा सूर 8000मधून वजा होऊन 2930वर बसतो, कारण त्या ठरावीक क्षणी 2930च्या लहरीचीही अगदी तीच मापं येतात. हा आकडा 22व्या स्वरांशाच्या (2860) आणि 23व्याच्या (2990) जवळजवळ मधोमध पडतो. म्हणून तो बेसूर लागतो. याला एलियासिंग म्हणतात. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणवून घेणारा तोतया आठवला, की मला ‘तोतया वारंवारता’ हाच शब्द योग्य वाटतो. एकदा नमुने घेतले, की त्यातला खरा कोण आणि तोतया कोण हे नुसत्या आकड्यांवरून सांगता येत नाही.

या निम्म्याच्या नियमाचं बीज तारायंत्रात आहे. एका तारेतून सेकंदाला किती ठोके सुटे ओळखू येतील, याचा विचार हॅरी नायक्विस्ट यांनी 1928 साली मांडला. 1933 मध्ये रशियात कोटेल्निकोव्ह आणि 1949 मध्ये अमेरिकेत क्लॉड शॅनन यांनी तो नमुन्यांच्या भाषेत सिद्ध केला. टेलिफोनने 1962पासून 8000चा दर वापरात आणला. बोलण्याला तो पुरतो, तंबोऱ्याला नाही.

1982च्या सीडीचा 44,100 हा आकडा व्हिडिओ टेपवरून आला. आवाजाचे नमुने तेव्हा त्या टेपवरच साठवत: सेकंदाला 60 फील्ड (अर्धी चित्रं), प्रत्येकात 245 रेषा, रेषेवर 3 नमुने. त्याचं निम्मं 22,050. कान जेमतेम 20,000पर्यंत ऐकतो. मधल्या अरुंद पट्टीत फिल्टरने वरचं सगळं आधीच गाळायचं.

मिरजेत राहिलेले गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या तबकड्यांत नमुनेच नव्हते, त्यामुळे तोतयाही नव्हता. आज त्या संगणकावर 48,000च्या दराने उतरवून, फाइल लहान करायला सहापैकी एकच नमुना ठेवला, तर दर पुन्हा 8000 होतो. त्याआधी 4000च्या वरचं गाळलं नाही, तर मागचा तंबोरा बिघडतो.