भारित औषध आतड्यातून शोषलं जात नाही?

औषधाच्या रेणूवर विद्युतभार असेल तर ते आतड्यातून रक्तात जाणार नाही, हे फार्मसीच्या वर्गांत वर्षानुवर्षं घोकलं जातं. पेशींचं आवरण स्निग्ध, भारित रेणूला पाण्याची ओढ, इथवर बरोबर. पण मेटफॉर्मिन पाहा. मधुमेहावरचं हे औषध आतड्यात जवळजवळ पूर्णपणे धनभारित असतं, तरी त्याचा ५० ते ६० टक्के भाग रक्तात पोचतो. कारण आतड्याच्या पेशींवर अशा रेणूंना आत घेणारी वाहक प्रथिनं असतात. त्यांची क्षमता मर्यादित, म्हणून मात्रा वाढवली की शोषलं जाणारं प्रमाण घटतं. नुसतं झिरपणं असतं, तर असं घडलं नसतं. अ‍ॅस्पिरिन तर जठरातल्या आम्लात भाररहित असते, तरी बहुतांश शोषली जाते लहान आतड्यातच; तिथला पृष्ठभागच प्रचंड आहे.