बंबाच्या धुराड्यातलं तेल

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी तांब्याचा बंब होता. दिवाळीआधी त्याचं धुराडं काढून ठोकलं की आतून काळा, चिकट थर निघायचा. "ओली लाकडं घातलीत ना? आता बसा खरवडत," आजी म्हणायची. तो थर म्हणजे लाकडातून निघालेलं तेलच, फक्त नको तिथे साचलेलं.

लातीतून (वखारीला आपण वडोदरेकर लातीच म्हणतो) मूठभर कोरडा भुसा आणून परीक्षानळीत तापवला, की आधी वाफ येते, मग पिवळट दाट धूर. तो गार बाटलीत सोडला की तपकिरी थेंब जमतात. वास निम्मा शेकोटीचा, निम्मा व्हिनेगरचा. निळा लिटमस लगेच तांबडा. मात्र हे उघड्यावरच करावं, त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो.

आत हवा नसल्याने भुसा पेटत नाही; त्यातल्या सेल्युलोज-लिग्निनच्या साखळ्या तुटतात. सावकाश तापवलं तर कोळसाच जास्त उरतो. कारखान्यात 500 अंशांच्या आसपास एक-दोन सेकंदांत काम उरकून वाफ झटकन थंड करतात. मग कोरड्या लाकडाच्या वजनाच्या 70 टक्क्यांपर्यंत तेल मिळतं.

पण त्यात दम किती? कलाभवनात (म्हणजे वडोद्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात) आम्ही इंधनं बॉम्ब कॅलरीमीटरमध्ये जाळायचो (मला कायम 'बंब'च ऐकू यायचं). पोलादी भांड्यात दाबाखालचा ऑक्सिजन, त्यात ग्रॅमभर इंधन आणि भोवती दोन लिटर पाणी. ग्रॅमभर डिझेलने ते पाणी साडेचार अंशांच्या आसपास तापतं. लाकडाच्या तेलाने जेमतेम पावणेदोन. किलोमागे 45 मेगाज्यूलच्या जागी 17, म्हणजे कोरड्या लाकडापेक्षाही कमीच! कारण सोपं आहे. तेलात पाव हिस्सा पाणी असतं आणि लाकडातला ऑक्सिजनही जवळजवळ तसाच राहतो. शिवाय भट्टीत ते पाणी वाफ होऊन पाण्याच्या दर किलोमागे सुमारे अडीच मेगाज्यूल धुराड्यातून घेऊन जातं. बॉम्बच्या आकड्यात हा तोटा दिसतच नाही.

विकणारा मात्र लिटरचा हिशेब सांगेल, आणि तेही खोटं नाही. हे तेल पाण्याहून जड, त्यामुळे लिटरमागे 20 मेगाज्यूल विरुद्ध डिझेलचे 37. खरा फायदा भुशाशी तुलना केल्यावर कळतो: सुट्या भुशाने भरलेल्या टाकीत जेवढी ऊर्जा मावते, तिच्या पाचपट त्याच टाकीतल्या तेलात.

तरी ते गाडीत ओतायचं नाही. डिझेलमध्ये ते मिसळत नाही, लोखंड खातं, आणि ठेवलं तर घट्ट होतं. माझ्या फळीवरच्या बाटलीत आता काकवी झालीय.