हात थरथरत नाही, म्हणजे पार्किन्सन नाही?

"हात थरथरला की पार्किन्सन; थरथरत नसेल तर काळजी नको." वर्षानुवर्षं फिरणारा हा संदेश पटतो, कारण थरथर लांबूनही दिसते. पण पार्किन्सन या मेंदूच्या विकाराबाबत त्याचे दोन्ही भाग चुकीचे आहेत.

थरथर थायरॉइडमुळे येते, काही औषधांमुळेही येते. 'इसेन्शियल ट्रेमर' नावाचा विकार तर पार्किन्सनपेक्षा जास्त आढळतो. त्यात पेला ओठांशी नेताना हात थरथरतो. पार्किन्सनमध्ये मात्र हात मांडीवर निवांत असताना, सहसा आधी एकाच बाजूला, अंगठा आणि तर्जनी गोळी वळत असल्यासारखी हलतात.

संदेशाचा दुसरा भाग मला जास्त घातक वाटतो. अनेक रुग्णांना सुरुवातीला थरथर नसतेच. निदानात डॉक्टर आधी हालचालींचा मंदपणा पाहतात: अंगठ्यावर तर्जनी भराभर टेकवायला लावतात आणि ती उघडझाप लहान लहान होत जाते. चालताना एक हात कमी हलतो. वास न येणं, बद्धकोष्ठता, स्वप्नात हातपाय झाडणं हे तर कित्येक वर्षं आधी सुरू होऊ शकतं. अर्थात, त्यातलं एखादं लक्षण म्हणजे पार्किन्सन नव्हे. संशोधकांचं लक्ष आज निदानाआधीच्या याच काळाकडे आहे. पार्किन्सनमध्ये मेंदूत साचणाऱ्या अल्फा-सिन्यूक्लिन या प्रथिनाचे बिघडलेले अंश पाठीच्या मणक्यातल्या द्रवात आणि त्वचेत शोधले जाताहेत. 2019 मध्ये जगभर पार्किन्सनचे 85 लाखांहून अधिक रुग्ण असल्याचा अंदाज होता; ही संख्या 25 वर्षांत दुप्पट झाली होती.

घरातल्या ज्येष्ठांची जुनी सही आणि आजची सही शेजारी ठेवून पाहा. अक्षर बारीक होत गेलं असेल आणि हालचालीही मंदावल्या असतील, तर थरथरीची वाट न पाहता न्यूरॉलॉजिस्टना दाखवा.