कमरेतलं इंजेक्शन की पूर्ण भूल?

रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या साठीपुढच्या मंडळींत प्रोस्टेटच्या (मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) ऑपरेशनचा विषय निघाला की एक सल्ला हमखास मिळतो: "कमरेत इंजेक्शन घ्या, पूर्ण भूल नको." हे उगाच नाही. लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून वाढलेली ग्रंथी खरवडतात, तेव्हा धुवायला सोडलेलं पाणी रक्तात शिरून सोडियम उतरू शकतं. जागा पेशंट बरळायला लागतो आणि डॉक्टर सावध होतात. झोपलेल्याची ही खूण हुकते.

१८४६ मध्ये बोस्टनला मॉर्टनने इथरची भूल जाहीरपणे देऊन दाखवली. मणक्यातली भूल, म्हणजे हेच कमरेतलं इंजेक्शन, त्यानंतर अर्ध्या शतकाने, १८९८ मध्ये, जर्मनीत ऑगस्ट बिअरने कोकेन वापरून दिली. आधी सहकाऱ्याकडून स्वतःला सुई टोचून घेतली, मग सहकाऱ्याला टोचून त्याच्या नडगीवर हातोडी मारून पाहिली, दुखलं नाही. नंतर दोघांचंही डोकं भयंकर दुखलं, ते वेगळं.

कॅन्सरसाठी अख्खी ग्रंथी रोबोटने काढायला २००० साली फ्रँकफर्टला सुरुवात झाली. डेट्रॉइटमध्ये मूळ भारतीय डॉ. मणी मेनन यांनी ही पद्धत रुळवली. इथे रंकाळ्यावरचा सल्ला लागू पडत नाही. टेबल २५-३० अंश किंवा जास्तच उतरतं करून डोकं खाली ठेवतात, पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. फुप्फुसं दबतात, चेहरा सुजतो, डोळ्यांतला दाब चढतो. रोबोटचे हात आत असताना पेशंट खोकला तरी इजा व्हायची. म्हणून स्नायू सैल करणारं औषध, घशात नळी आणि पूर्ण भूल हाच रिवाज. कमरेतलं इंजेक्शन दिलंच, तर बहुधा नंतरच्या वेदनांसाठी.

तुलना उरते ती सेव्होफ्लुरेनसारखा वायू आणि शिरेतून सतत दिलेलं प्रोपोफॉल यांची. प्रोपोफॉल १९८६ पासून वापरात आलं. त्याने उलट्या कमी होतात, आणि अनेक चाचण्यांत डोळ्यांतला दाबही कमी चढलेला दिसला. पण म्हणून ते सरसकट सुरक्षित म्हणणं मला घाईचं वाटतं. वायू श्वासात किती आहे ते मॉनिटरवर दिसतं. प्रोपोफॉल रक्तात किती पोचलं ते तसं दिसत नाही. त्यात पेशंटचे हात अंगालगत बांधून चादरीखाली झाकलेले. सलाईनची सुई तिथे निसटली, तर हलता न येणारा माणूस आतून जागा होऊ शकतो. म्हणूनच कपाळावर पट्टी चिकटवून मेंदूच्या लहरी पाहतात.

डोळ्यांतला दाब असा चढत असल्याने काचबिंदू असलेल्याने मात्र ते भूलतज्ज्ञाला पहिल्याच भेटीत सांगावं.