घरगुती वीजबिलातला मंजूर भार आणि डिमांड: भार कमी करण्याचा अर्ज नेमका कुठे अडतो

घराला वर्षभर कुलूप, माणसं सुरतेला नाहीतर नाशिकला, तरी थ्री फेजचं बिल दर महिन्याला शेकड्यांत येतंच. वीज कार्यालयाच्या खिडकीवर यावरून रोज वाद होतात. पण अशी बिलं बहुतेक वेळा चुकीची नसतात. ती रक्कम असते स्थिर आकाराची. कारखान्याच्या बिलात ज्याला डिमांड चार्ज म्हणतात, त्याचंच हे घरगुती रूप. एक युनिटही न वापरता तो भरावा लागतो, कारण तेवढी वीज तुमच्यासाठी राखून ठेवलेली असते.

महावितरणच्या घरगुती दरात सिंगल फेजला महिन्याचा एक ठरलेला स्थिर आकार आहे. थ्री फेजला तो साधारण तिप्पट पडतो. शिवाय थ्री फेजचा मंजूर भार, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त जेवढी वीज वापरायला कंपनीने मंजुरी दिली आहे तो आकडा, 10 किलोवॅटच्या वर असेल, तर वरच्या प्रत्येक 10 किलोवॅटला किंवा त्याच्या भागाला जादा आकार लागतो. म्हणजे 11 किलोवॅट मंजूर असलेल्या घराला त्या एका किलोवॅटसाठी पुढच्या पूर्ण टप्प्याचे पैसे जातात. एकत्र कुटुंब असताना घेतलेलं थ्री फेज, पुढे भाऊ वेगळे झाले, वरचा मजला रिकामा पडला, पण कागदावर भार तोच. अमळनेर, चोपडा, शिरपूरकडच्या मोठ्या घरांत हे सर्रास दिसतं. बिलावर 'मंजूर भार' हा रकाना असतो, आधी तो वाचा. सिंगल फेज असेल तर भार कमी करून स्थिर आकारात फारसा फरक पडत नाही. त्या अर्जामागे उगाच हेलपाटे घालू नका.

आता डिमांड, म्हणजे एका वेळची प्रत्यक्ष मागणी, कशी मोजतात ते. कोणत्याही सलग 30 मिनिटांत जास्तीत जास्त जितके युनिट वापरले, त्याची दुप्पट म्हणजे तुमची कमाल मागणी. मे महिन्यातली भुसावळची संध्याकाळ घ्या. दीड टनाचा एसी साधारण दीड किलोवॅट, एक एचपीची पाण्याची मोटर पाऊण किलोवॅट, इस्त्री एक, इंडक्शन शेगडी दोन. ही चारही अर्धा तास एकत्र चालली तर मागणी पाच किलोवॅटच्या वर जाते. मोटर सकाळी लावली आणि इस्त्री दुपारी केली, तर युनिट तेवढेच जळतात, पण मागणी साडेतीनवर राहते. कूलरचा यात दोष नसतो. तो दीड-दोनशे वॅटचा, त्याला घाबरून उन्हात तळमळू नका.

नवीन टीओडी मीटर, म्हणजे वापराची वेळही नोंदवणारं स्मार्ट मीटर, बसलं की ही मागणी आपोआप नोंदली जाते, म्हणून लोक घाबरतात. वीज ग्राहक हक्क नियमांत 2023 साली केंद्राने केलेली दुरुस्ती इथे उपयोगी पडते. मीटर बसण्याआधीच्या काळासाठी नव्या मीटरच्या नोंदीवरून दंड लावता येत नाही. एखाद्या महिन्यात मागणी मंजूर भाराच्या वर गेली तर त्या महिन्याचा हिशोब प्रत्यक्ष मागणीवर होतो, आणि तसं ग्राहकाला एसएमएसने किंवा ॲपवर कळवावं लागतं. मंजूर भार वाढवायचा, तर एका आर्थिक वर्षात निदान तीनदा तो ओलांडलेला हवा, आणि वाढही ओलांडलेल्या महिन्यांतल्या सर्वांत कमी आकड्याइतकीच. मंजूर 3 किलोवॅट असताना नोंदी 4.2, 3.8 आणि 4.6 आल्या, तर नवा भार 3.8 धरायचा, 4.6 नाही. हा नियम छापून सोबत ठेवा. खिडकीवरच्या सगळ्यांनाच तो माहीत असतो असं नाही, आणि त्याची किंमत ग्राहकाने का मोजावी?

अर्ज कुठे अडतो

अर्ज भरणं सोपं आहे. महावितरणच्या संकेतस्थळावर, ॲपवर किंवा उपविभागात भार बदलाचा, फेज बदलाचा अर्ज करायचा, ग्राहक क्रमांक टाकायचा, शुल्क भरायचं. अडतो तो नावावर. "भाऊ, मीटर आजलाना नाववर शे," हे वाक्य ऐकलं की पुढचं सगळं कळतं. आजोबा जाऊन जमाना झाला, बिल त्यांच्याच नावाने भरलं जातंय, आणि नातवाने सही केलेला अर्ज परत येतो. कितीही विनवण्या करा, आधी नावबदल करावा लागतो. त्यासाठी मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा आणि बाकीच्या वारसांचं संमतिपत्र. गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा, शहरात मालमत्ता कराची पावती किंवा सिटी सर्व्हेचा उतारा. पुण्या-मुंबईकडच्या बहिणींच्या सह्या राहिल्या म्हणून फाइल पडून राहते. दिवाळीला, आखाजीला सगळे घरी येतात, तेव्हाच सह्या घेऊन ठेवा.

दुसरी अडचण थकबाकीची. त्याच घरातल्या जुन्या, तोडलेल्या मीटरची बाकीसुद्धा निघते, आणि ती भरल्याशिवाय अर्ज हलत नाही.

तिसरी, सगळ्यात जास्त अर्ज परत पाठवणारी, म्हणजे घरातल्या वायरिंगचा आणि भाराचा चाचणी अहवाल. तो परवानाधारक विद्युत ठेकेदाराच्या सही-शिक्क्याचा लागतो, ओळखीच्या वायरमनचा चालत नाही. अर्जात लिहायचं 4 किलोवॅट आणि अहवालात दोन एसी, गिझर, मोटर धरून बेरीज यायची 7, मग अर्ज नाकारणारच. घरातली उपकरणं एकदा बसून मोजा, वर लिहिलेले वॅट कागदावर उतरवा आणि दोन्हीकडे तोच आकडा द्या. घरात थ्री फेज सबमर्सिबल किंवा पिठाची गिरणी असेल तर सिंगल फेज मागू नका, पुन्हा बदलायला दुप्पट त्रास होतो.

पापड, शेवया, कुरडयांचं काम घरीच करणाऱ्या बायकांना हमखास भीती घातली जाते की मीटर व्यापारी होणार. घराच्या एका भागात व्यवसाय चालत असेल आणि वापर महिन्याला 300 युनिट व मागच्या आर्थिक वर्षात 3,600 युनिटच्या आत असेल, तर घरगुती दरच लागतो. घाबरून वेगळं मीटर घेऊ नका.

मुदतीचा गैरसमज फार आहे. अर्ज दिला म्हणजे त्या तारखेपासून आकार कमी झाला असं नसतं. अर्ज मिळाल्यावर दुसरं बिलिंग चक्र संपण्याआधी बदल करायचा असतो, तोवर जुनंच बिल भरायचं. रागाने बिल थांबवलं की थकबाकी होते आणि पुन्हा पहिल्या पायरीवर. पोच घ्या. तारखेचा शिक्का नसलेला कागद पुढे कुठेच उभा राहत नाही. दरम्यान सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल आलं तर ते दंडाचं समजू नका, ती रक्कम तुमच्याच नावे जमा राहते आणि तिच्यावर व्याज मिळतं.

छतावर सोलर बसवणार असाल तर आधी भार वाढवण्याच्या अर्जासाठी पैसे मागणाऱ्या एजंटला नकार द्या. त्याच ग्राहक हक्क नियमांच्या 2024 च्या दुरुस्तीप्रमाणे 10 किलोवॅटपर्यंतच्या सोलरचा पूर्ण भरलेला अर्ज तांत्रिक तपासणीशिवाय मंजूर धरला जातो आणि त्यासाठी लागणारी भारवाढ वीज कंपनीनेच करायची असते.

मुदत उलटूनही काही झालं नाही तर 1912 वर तक्रार नोंदवून क्रमांक लिहून घ्या. त्याने काम झालं नाही तर परिमंडलाच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जा. जळगाव, धुळे, नंदुरबार ही तिन्ही जळगाव परिमंडलात येतात. मंचाकडे जायची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. मंचाचा निकाल मान्य नसेल तर 60 दिवसांच्या आत विद्युत लोकपालांकडे दाद मागता येते. साध्या कागदावर, मराठीत लिहिलं तरी चालतं, फक्त पोच आणि बिलांच्या प्रती जोडायला विसरू नका.