तीन एक्के हातात, आणि डोळा लागला

घोरणारा माणूस गाढ झोपलेला असतो, हा आपल्याकडचा पक्का समज. पाहुणा घोरू लागला की ‘प्रवासानं दमला बिचारा’ म्हणत आपण दिवा मालवतो. डॉक्टरांचं मत फार वेगळं नव्हतं, कारण ते रुग्णाला दिवसा तपासत आणि घोरण्यामागचा आजार, झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याचा ‘स्लीप अॅप्निया’, रात्री उठतो. त्याची साक्षीदार एकच, शेजारी जागी असलेली बायको. तिला कोणी विचारत नव्हतं.

१९५६ साली बोस्टनच्या पीटर बेंट ब्रिगम रुग्णालयातले सिडनी बरवेल आणि त्यांचे सहकारी यांनी एका रुग्णाची हकिगत छापली. गृहस्थ व्यावसायिक, एकावन्न वर्षांचे, वजन सव्वाशे किलोच्या आसपास. दिवसा कुठेही पेंगायचे. एकदा मित्रांबरोबर पत्त्यांतला पोकर खेळताना तीन एक्के आणि दोन राजे, म्हणजे जवळपास जिंकलेला डाव, हातात आला आणि डाव लावायच्या आतच त्यांचा डोळा लागला. एवढी झोप त्यांनी निमूट सोसली होती, पण हा हातचा डाव गेल्यावर दवाखाना गाठला! चार्ल्स डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मधल्या लठ्ठ, सदा झोपाळू पोऱ्याची आठवण ठेवून बरवेल यांनी या अवस्थेला पिकविकचं नाव दिलं. लठ्ठपणामुळे श्वास उथळ होतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि म्हणून झोप येते, असं त्यांचं निदान. असा विकार खरोखरच असतो. पण घोरण्याचं कोडं तसंच राहिलं.

ते घोरणं ऐकायला कोणीतरी रात्रभर जागणं भाग होतं. १९६५ साली फ्रान्समध्ये मार्सेयला गास्तो यांच्या गटानं, आणि त्याच वर्षी जर्मनीत युंग आणि कूलो यांनी, अशा रुग्णांचा श्वास झोपेत नोंदवला. घसा मिटतो, छाती-पोट धडपडत राहतं, हवा मात्र आत जात नाही. मग मेंदू क्षणभर जागा होतो, मोठा घुरका येतो आणि पुन्हा तेच. रात्रीतून शेकडो वेळा. माणसाला सकाळी यातलं काहीच आठवत नाही.

पुढे अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात क्रिस्तियां गिलमिनो यांनी दाखवलं की हा आजार बारीक माणसांनाही होतो. सात तासांच्या झोपेत तीस वेळा श्वास थांबला तर ‘स्लीप अॅप्निया’, ही १९७६ सालची व्याख्या. आज स्लीप स्टडीच्या, म्हणजे झोपेच्या रात्रभराच्या तपासणीच्या, रिपोर्टवर ठळक छापला जाणारा ‘श्वास तासाला इतक्या वेळा अडला’ हा आकडा त्याच वळणाचा आहे. माझ्या मते या आकड्याला गरजेपेक्षा जास्त मान मिळाला. श्वास दहा सेकंद अडला काय आणि मिनिटभर अडला काय, मोजणीत दोन्ही एकच. म्हणून रात्रभरात ऑक्सिजन किती खोल आणि किती वेळ घसरला, हे मोजायच्या पद्धती अलीकडे पुढे येत आहेत.

उपचार मात्र सुरुवातीला भयंकर होता: गळ्याला भोक पाडायचं, दिवसा बूच लावायचं, रात्री उघडायचं. जून १९८० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहरात एका बांधकाम मजुरानं ते करून घ्यायला नकार दिला. त्याच्यावर उपचार करणारे कॉलिन सलिव्हन कुत्र्यांच्या झोपेतल्या श्वसनाचा अभ्यास केलेले. त्यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरून नाकावाटे हवेचा सौम्य दाब दिला. घसा मिटलाच नाही. पाच रुग्णांवरचा त्यांचा लेख एप्रिल १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. आजचं सीपॅप यंत्र ते हेच.

हा रोग किती पसरलाय, ते १९९३ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या पाहणीनं दाखवलं: मध्यमवयीन पुरुषांत चोवीस टक्के आणि बायकांत नऊ टक्के जणांचा श्वास झोपेत तासाला पाच किंवा अधिक वेळा अडतो. लक्षणांसह पूर्ण आजार चार आणि दोन टक्क्यांना. मुंबईत हिंदुजा रुग्णालयात झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. शहरी मध्यमवयीन पुरुषांत लक्षणांसह आजाराचं प्रमाण साडेसात टक्के निघालं. हा अमेरिकनांचा रोग म्हणायची सोय उरली नाही.

सीपॅपची अडचण वेगळीच. ते लावून लोक झोपत नाहीत. भारतासह सात देशांतल्या, हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या २७१७ रुग्णांवरची ‘सेव्ह’ चाचणी २०१६ साली आली. सीपॅपनं हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात कमी झाले नाहीत. दिवसाची पेंग मात्र कमी झाली. पण त्यात मास्क नाकावर राहिला रात्री सरासरी तीन-सव्वातीन तास, त्यामुळे यंत्र नापास की वापर, हा वाद मिटलेला नाही.

म्हणून यंत्राला पर्याय शोधणं चालू आहे. जिभेच्या नसेला झोपेत हलके विद्युत झटके देणारं, शरीरात बसवायचं उपकरण अमेरिकेत २०१४ साली मंजूर झालं. डिसेंबर २०२४ मध्ये तिथेच टिर्झेपटाइड हे वजन घटवणारं इंजेक्शन लठ्ठ रुग्णांच्या मध्यम ते तीव्र अॅप्नियासाठी मंजूर झालं. अॅप्नियासाठी मंजुरी मिळालेलं हे पहिलंच औषध.

बारीक रुग्णांना त्याचा काय उपयोग? त्यांच्यासाठी दुसरी वाट २०१९ साली दिसली. चंचल मुलांना देतात ते अॅटोमॉक्सेटिन आणि वारंवार लघवीवरचं ऑक्सिब्युटिनिन ही दोन जुनी औषधं रात्री एकत्र दिल्यावर घशाचे स्नायू झोपेतही ताठ राहिले. वीसच रुग्ण, एकाच रात्रीचा प्रयोग. पण श्वास अडण्याचा मध्यांक तासाला २८.५ वरून ७.५ वर आला. त्याच धर्तीच्या गोळीच्या मोठ्या चाचण्या त्यानंतर झाल्या. तो वीस जणांचा प्रयोग झाला बोस्टनच्या ब्रिगम रुग्णालयात, जिथे एकेकाळी तीन एक्के हातात असलेला माणूस आपली झोप दाखवायला आला होता.