'नकबा' हा शब्द कुठून आला?

दरवर्षी १५ मे जवळ आला की एक दावा फिरू लागतो: 'नकबा', म्हणजे १९४८च्या युद्धात पॅलेस्टिनी लोकांचं झालेलं विस्थापन, हा शब्द पॅलेस्टिनी नेते यासर अराफत यांनी १९९८ साली प्रचारासाठी काढला. अराफत यांनी त्या वर्षी १५ मे हा स्मरणदिन जाहीर केला, एवढंच खरं. शब्द मात्र त्याच्या पन्नास वर्षं आधीचा आहे.

ऑगस्ट १९४८. इस्राएल आणि अरब राष्ट्रांमधलं युद्ध अजून संपलेलं नव्हतं. बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठातले इतिहासाचे प्राध्यापक, मूळचे दमास्कसचे कॉन्स्टंटिन झुरेक, यांनी 'नकबेचा अर्थ' या नावाचं छोटं पुस्तक लिहिलं. नकबा म्हणजे घोर आपत्ती. गंमत अशी, की झुरेक यांचा रोख इस्राएलइतकाच, किंबहुना जास्तच, आपल्या माणसांवर होता. सात अरब राष्ट्रं युद्धाची भाषा करतात आणि हात हलवत परततात, हे कसं? विज्ञान, आधुनिक राज्यव्यवस्था आणि एकजूट यांच्या अभावात त्यांनी उत्तर शोधलं.

या युद्धात सुमारे ७ लाख पॅलेस्टिनी लोक बेघर झाले होते. त्यांच्यातलाच एक, लिद्दा गावचा जॉर्ज हबाश, बैरूतमध्ये वैद्यकी शिकत होता. झुरेक यांच्या विचारांनी तो भारावला आणि पुढे त्याने मित्रांसह अरब राष्ट्रवादी चळवळ उभी केली. १९६७च्या युद्धात इस्राएलकडून झालेल्या पराभवानंतर सीरियन विचारवंत सादिक अल-अझ्म यांनी तर झुरेक यांच्यापेक्षाही कडक शब्दांत अरब समाजाची झाडाझडती घेतली.

तेव्हा हा शब्द नुसता विलाप नव्हता. सुरुवातीला तरी ती कानउघाडणीही होती.